पेन्शन बोईसरची, पत्ता न्यू जर्सीचा. मग टॅक्स कुठे भरायचा?

समजा, बोईसरचे एक काका आहेत. तारापूरला बीएआरसीत ३४ वर्षं नोकरी झाली, आता वय ६८, पेन्शन महिन्याला ७५ हजार रुपये. बोईसर पश्चिमेला स्वतःचा फ्लॅट, बँकेत थोड्या एफडी आणि एकुलती एक मुलगी न्यू जर्सीला.

एफडीचं व्याज घटकाभर बाजूला ठेवू आणि नुसत्या पेन्शनचा हिशोब करू. वर्षाचे झाले ९ लाख. काका बोईसरलाच राहिले, तर नव्या कररचनेत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी त्यांचा इन्कम टॅक्स शून्य. पण हेच काका मुलीकडे कायमचे राहायला गेले आणि कायद्याच्या भाषेत 'अनिवासी' ठरले, तर त्याच ९ लाखांवर भारतात २३,४०० रुपये टॅक्स लागतो.

पेन्शन तीच, देणारं सरकार तेच, बँकेची शाखाही तीच. बदलला तो फक्त काकांचा मुक्काम.

व्हॉट्सॲपवर मात्र याच्या बरोबर उलट फिरत असतं. 'एनआरआय झालं की भारतात टॅक्स नाही', 'पेन्शन तर इथेच जमा होते, मग अमेरिकेला काय घेणंदेणं', 'सहा महिने बाहेर राहिलं की झालं'. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत. आणि तारापूर-बोईसर पट्ट्यात ती चूक महागात पडू शकणारी घरं कमी नसावीत.

तारापूरच का?

तारापूरचं अणुऊर्जा केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागलं. देशातला हा पहिला अणुवीज प्रकल्प. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने पुरवल्या होत्या. त्यानंतर बीएआरसीचं काम इथे वाढलं, २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. शेजारी एमआयडीसी उभी राहिली, त्यात केमिकल, औषधं, कापड आणि स्टीलचे कारखाने आले.

म्हणजे एकाच गावात दोन तऱ्हेचे निवृत्त लोक राहतात. एकाकडे सरकारी पेन्शन आहे, दुसऱ्याकडे एमआयडीसीतल्या खासगी कंपनीची. पहिल्या तऱ्हेच्या घरांत शिकून इंजिनिअर झालेली पोरं पुण्याला, बंगळुरूला आणि तिथून पुढे अमेरिका-कॅनडाला जाणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. आईवडील मग वर्षातले काही महिने इकडे, काही महिने तिकडे. या ये-जा करणाऱ्यांचाच हा प्रश्न आहे. जो इथेच राहिला त्याला अडचण नाही.

शून्याचे २३,४०० कसे होतात?

नव्या कररचनेत पेन्शनला पगारासारखंच धरतात, म्हणून ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन मिळते. ९ लाखांतून ती गेली की उरले ८ लाख २५ हजार. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार. वरच्या २५ हजारांवर १० टक्क्यांनी अडीच हजार. एकूण २२,५००. त्यावर ४ टक्के सेस ९०० रुपये. झाले २३,४००.

इथपर्यंतचा हिशोब बोईसरच्या आणि न्यू जर्सीच्या काकांचा सारखाच आहे. फरक पुढच्या पायरीवर पडतो. '१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही' असं आपण सर्रास म्हणतो, पण १२ लाखांपर्यंत स्लॅब माफ झालेले नाहीत. टॅक्स लागतोच. कलम ८७-ए खाली ६० हजारांपर्यंतची रिबेट देऊन तो पुसला जातो. आणि ही रिबेट फक्त 'निवासी' व्यक्तीलाच मिळते. अनिवासी माणसाने स्लॅबप्रमाणे जे निघेल ते भरायचं.

ही अट नवी नाही. २०१३ मध्ये रिबेट आली तेव्हापासून ती आहे. पण तेव्हा रिबेट होती जेमतेम २ हजार रुपयांची, ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला. अनिवासी ठरल्याने फार तर दोन हजारांचा फटका. कोण लक्ष देणार? मधल्या काळात आकडा खाली-वर झाला. २०१९ मध्ये तो १२,५०० वर गेला, २०२३ मध्ये नव्या रचनेत २५ हजार झाला आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने थेट ६० हजार केला. मध्यमवर्गाला दिलासा म्हणून त्या निर्णयाचं कौतुक झालं, ते रास्तही होतं. पण त्या दिलाशाबरोबर निवासी आणि अनिवासी यांच्यातली दरीही दोन हजारांवरून साठ हजारांवर गेली, याची चर्चा जवळपास झालीच नाही. वर्षाला १२ लाख ७५ हजार पेन्शन असलेला निवृत्त अधिकारी बोईसरला राहिला तर शून्य भरतो, अनिवासी ठरला तर सेस धरून ६२,४०० भरतो.

सरकारची बाजूही आहे. अनिवासी माणसाची फक्त भारतातली कमाई आपल्या खात्याला दिसते. त्याची बाहेर कोट्यवधींची मिळकत असू शकते. अशा माणसाला 'कमी उत्पन्न' म्हणून सवलत का द्यावी? मुद्दा बरोबर आहे. पण ज्याची सगळी मिळकतच भारत सरकारची पेन्शन आहे, त्याला तो लागू होत नाही. जर्मनीत अशांसाठी सोय आहे. बाहेर राहणाऱ्याचं किमान ९० टक्के उत्पन्न जर्मनीतलं असेल, तर अर्ज करून तो स्वतःला तिथल्या रहिवाशासारखं धरून घेऊ शकतो. कॅनडातही बाहेर राहणाऱ्या पेन्शनरला कलम २१७ खाली रहिवाशासारखा हिशोब निवडता येतो. आपल्याकडे असा पर्याय नाही. तो असायला हरकत नसावी, कारण सरकारी पेन्शनचा रुपया न् रुपया सरकारच्याच नोंदीत असतो.

पण अनिवासी ठरतो कोण?

पासपोर्टवर, व्हिसावर किंवा बँक खात्याच्या नावावर हे ठरत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता, त्यावर ठरतं.

१८२ दिवस भारतात असाल तर निवासी, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढचा नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो. वर्षात ६० दिवस भारतात आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात, असं असलं तरी माणूस निवासीच. आयुष्य बोईसरला काढलेल्या माणसाचे मागच्या चार वर्षांतले ३६५ दिवस कधीच भरलेले असतात. म्हणजे त्या वर्षात जेमतेम दोन महिने भारतात काढले, तरी काका निवासी राहतात.

परदेशात नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला हे ६० दिवस १८२ करून मिळतात. मुलीकडे राहायला जाणारे काका नोकरीला जात नसतात, त्यामुळे निघण्याच्या वर्षी त्यांना ही सवलत नाही. आणि गंमत म्हणजे, या बाबतीत सवलत न मिळणंच त्यांच्या फायद्याचं आहे.

उदाहरण घ्या. काका-काकू १० जून २०२५ ला ग्रीन कार्डावर गेले आणि ३१ मार्चपर्यंत परतले नाहीत. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे १०, असे ७१ दिवस भारतात. वर्षातले जवळपास दहा महिने ते भारताबाहेर होते, तरी २०२५-२६ साठी ते निवासी. रिबेट शाबूत. अर्थात, निवासी म्हटलं की जगभरातलं उत्पन्न भारतात दाखवावं लागतं. तिकडे काही कमाई नसेल तर त्याचा त्रास नाही.

पुढच्या वर्षापासून मात्र चित्र पालटतं. आता ते 'बाहेर राहणारे, भेटीला येणारे' भारतीय झाले. अशांना ६० च्या जागी १८२ दिवसांची मुभा आहे. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवसांची. दिवाळीला येऊन शंभर दिवस राहून गेले, तर ते अनिवासी. रिबेट गेली.

आणि दरवर्षी सहा महिने मुलीकडे जाऊन परत येणारे, ज्यांचं बिऱ्हाड बोईसरलाच आहे ते? ते भारतात निवासीच राहतात. 'सहा महिने बाहेर राहिलं की एनआरआय' हे त्यांच्या बाबतीत खरं नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. दिवस मोजण्याची पद्धत आणि 'रिबेट फक्त निवासींना' ही अट मात्र तशीच आहे.

आता अमेरिकेची बाजू

अमेरिकेच्या दृष्टीने बोईसरची पेन्शन ही 'फॉरेन पेन्शन'. अमेरिका आपल्या नागरिकांवर आणि कर-रहिवाशांवर जगभरातल्या उत्पन्नाचा टॅक्स लावते. पैसे डॉलरमध्ये आणले की नाही, खातं बोईसरला आहे की बोस्टनला, याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

ग्रीन कार्ड हातात आलं की माणूस अमेरिकेचा कर-रहिवासी. (आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करायला मुलगी स्वतः अमेरिकेची नागरिक असावी लागते, त्यामुळे ही वेळ बहुतेक घरांत उशिरा येते.)

ग्रीन कार्ड नाही, नुसता टुरिस्ट व्हिसा आहे, म्हणून सुटलो असंही नाही. तिथेही दिवस मोजतात, पण जानेवारी ते डिसेंबर, आणि वेगळ्याच सूत्राने. चालू वर्षाचे सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षाचे एक तृतीयांश, अधिक त्याच्या मागच्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली की कर-रहिवासी. चालू वर्षात किमान ३१ दिवस तिथे असण्याची अटही आहे. सलग तीन वर्षं दरवर्षी १७० दिवस मुलीकडे राहणाऱ्या काकूंची बेरीज होते १७० अधिक ५६ अधिक २८, म्हणजे अडीचशेच्या वर. व्हिसाचा एकही नियम न मोडता त्या अमेरिकेच्या कर-रहिवासी झालेल्या असतात, बहुतेकदा कुणाच्या ध्यानीमनी नसताना.

यातून बाहेर पडायचा रस्ता आहे. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस तिथे काढले असतील, घरदार भारतातच असेल आणि ग्रीन कार्डासाठी हालचाल सुरू केलेली नसेल, तर 'आमचं जवळचं नातं भारताशी आहे' असं सांगणारा ८८४० नंबरचा फॉर्म भरता येतो. फॉर्म छोटा आहे, पण भरावा लागतो.

दोन्ही देश मागतात, मग करार काय म्हणतो?

एकाच पैशावर दोनदा टॅक्स लागू नये म्हणून भारत आणि अमेरिकेत १९८९ मध्ये करार झाला, तो डिसेंबर १९९० पासून अमलात आहे. पेन्शनसाठी त्यात दोन कलमं आहेत, १९ आणि २०. तुमची पेन्शन कुठल्या कलमात बसते, यावर पुढचं सगळं अवलंबून.

कलम १९ सरकारी नोकरीच्या पेन्शनचं. सरकारने, किंवा सरकारने उभारलेल्या निधीतून, सरकारच्या सेवेबद्दल दिलेली पेन्शन. तिच्यावर टॅक्स लावायचा हक्क देणाऱ्या देशाचा, म्हणजे आपल्या काकांच्या बाबतीत भारताचा. अपवाद एकच. पेन्शनर दुसऱ्या देशात राहतो आणि तिथला नागरिकही झाला, तर हक्क फक्त त्या दुसऱ्या देशाचा.

कलम २० बाकीच्या पेन्शनचं, म्हणजे खासगी कंपनीची पेन्शन, सुपरॲन्युएशन फंडातून एलआयसीने दिलेली ॲन्युइटी वगैरे. तिच्यावर हक्क माणूस जिथे राहतो त्या देशाचा.

तारापूरसाठी मेख आहे ती कलम १९ च्या तिसऱ्या परिच्छेदात. सरकार जो 'व्यवसाय' चालवतं, त्यातल्या सेवेच्या पेन्शनला सरकारी कलम लागू नाही. तिला कलम २० लावायचं. बीएआरसी हा थेट अणुऊर्जा विभागाचा भाग आहे. एनपीसीआयएल ही १९८७ मध्ये स्थापन झालेली सरकारी मालकीची कंपनी आहे आणि ती वीज विकते. आवार शेजारीशेजारी, पण करारापुढे दोन्हीकडच्या पेन्शनचा प्रश्न एकच राहत नाही. ज्यांची आधीची नोकरी विभागात आणि नंतरची कंपनीत गेली, त्यांनी तर पीपीओ काढून नीट वाचायला हवा. पेन्शन कुणी मंजूर केली, कुठल्या सेवेबद्दल, कोण देतं? 'आम्ही सगळे अ‍ॅटॉमिकवाले' हे उत्तर इथे चालत नाही.

आता परत बीएआरसीच्या काकांकडे. ते ग्रीन कार्डावर आहेत, नागरिकत्व भारताचंच. कलम १९ प्रमाणे हक्क भारताचा. मग अमेरिकेने हात लावायला नको. पण कराराच्या पहिल्याच कलमात अमेरिकेने स्वतःसाठी एक दार उघडं ठेवलंय. त्याला 'सेव्हिंग क्लॉज' म्हणतात. आपल्या नागरिकांवर आणि रहिवाशांवर करार झालाच नाही असं समजून टॅक्स लावायची मोकळीक. त्यातून सरकारी पेन्शनवाल्यांना वगळलंय खरं, पण जे तिथले नागरिक नाहीत आणि ज्यांच्याकडे स्थलांतरिताचा दर्जा नाही अशांनाच. ग्रीन कार्ड म्हणजे नेमका तोच दर्जा.

म्हणून टुरिस्ट व्हिसावरच्या काकांच्या सरकारी पेन्शनला अमेरिका हात लावत नाही, ग्रीन कार्डवाल्या काकांच्या लावू शकते. दोन्ही देशांचा टॅक्स लागला तर भारतात भरलेल्या टॅक्सची वजावट अमेरिकेत १११६ नंबरच्या फॉर्मवर मिळते.

इथे आणखी एक वळण आहे. ९ लाख रुपये म्हणजे साधारण १० हजार डॉलर. पासष्टीपुढच्या नवरा-बायकोला संयुक्त रिटर्नमध्ये २०२५ साठी ३४,७०० डॉलरपर्यंत टॅक्स लागत नाही. दुसरं उत्पन्न नसेल तर काकांचा अमेरिकेतला टॅक्स तसाही शून्य. मग भारतात भरलेल्या २३,४०० ची वजावट कशातून घेणार? शून्यातून काही वजा होत नाही आणि भारताने घेतलेला टॅक्स अमेरिका परत करत नाही. रिबेट हुकल्याचा फटका खिशालाच.

आणि हेच काका पुढे अमेरिकेचे नागरिक झाले, तर? कलम १९ चा अपवाद लागू होतो, भारताचा हक्क संपतो, फक्त अमेरिकेचा उरतो, आणि तिथे टॅक्स शून्य. तीन दशकं भारत सरकारची चाकरी केलेल्या माणसाला त्या सरकारच्या पेन्शनवरचा टॅक्स भारतीय पासपोर्ट सोडल्यावर माफ होतो, ठेवला तर लागतो. करार लिहिणाऱ्यांच्या मनात असं काही नसेल. पण हिशोब तसा बसतो.

एमआयडीसीतले काका

त्यांची गोष्ट लवकर संपते. ईपीएफओच्या १९९५ च्या योजनेत १५ हजारांच्या पगारमर्यादेवर ३५ वर्षं सेवा धरली तरी पेन्शन येते महिन्याला साडेसात हजार. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार. वर्षाला नव्वद हजारांवर कुठलाच देश टॅक्स लावत नाही. ज्यांना मॅनेजरच्या हुद्द्यावरून सुपरॲन्युएशनची घसघशीत ॲन्युइटी मिळते, त्यांनी मात्र कलम २० लक्षात ठेवावं. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर त्या रकमेवर भारताचा हक्क राहत नाही. पण तो फायदा आपोआप मिळत नाही. अमेरिकेच्या कर खात्याकडून रहिवासाचा दाखला, म्हणजे फॉर्म ६१६६, मागवायचा, भारताच्या पोर्टलवर फॉर्म भरून माहिती द्यायची आणि टीडीएस कापला गेला असेल तर रिटर्न भरून परतावा घ्यायचा.

बँकेला कोण सांगणार?

खरी गडबड इथे होते. पेन्शन देणारी बँक काकांना निवासी समजून हिशोब करते. १२ लाखांच्या आत म्हणून टीडीएस शून्य. फॉर्म १६ येतो. नेहमीचे सीए नेहमीप्रमाणे 'सहज', म्हणजे आयटीआर-१ भरतात. पण अनिवासी माणसाला आयटीआर-१ भरताच येत नाही, त्याच्यासाठी आयटीआर-२ आहे. चुकीचा फॉर्म आणि न मिळणारी रिबेट, असं दोन-तीन वर्षं चालतं. पुढे कधीतरी खात्याने विचारलं की मागचा टॅक्स व्याजासकट भरावा लागतो. यात कुणी लबाडी केलेली नसते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची आठवण अख्खं घर ठेवतं, निवासी की अनिवासी हे बदललंय ही आठवण कुणी ठेवत नाही.

कायमचे बाहेर गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. पेन्शन त्यात जमा होते. एफडीच्या व्याजावर मग पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस. फॉर्म १५-एच देऊन तो थांबवता येत नाही, तो फॉर्म निवासींसाठीच आहे. २० लाखांच्या एफडीवर ७ टक्क्यांनी १ लाख ४० हजार व्याज आलं तर ४३,६८० रुपये आधीच कापले जातात. अमेरिकेचा रहिवास-दाखला दिला तर कराराप्रमाणे व्याजावरचा दर १५ टक्के होतो. जास्तीचा कापला गेलेला पैसा रिटर्न भरून परत मिळतो, पण रिटर्न भरलं तर.

त्याहून मोठा धोका वेगळाच आहे आणि तो टॅक्सचा नाहीच. अमेरिकेच्या कर-रहिवाशाच्या परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर दरवर्षी एफबार नावाचं विवरण द्यावं लागतं. काकांचं पेन्शन खातं आणि दोन एफडी मिळून ही रेषा सहज ओलांडतात. टॅक्स शून्य असला तरी विवरण सुटत नाही. मुलीचं नाव त्या खात्यावर 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' अशा पद्धतीने टाकलेलं असेल, तर मुलीलाही तेच खातं स्वतःच्या विवरणात दाखवावं लागतं. म्हातारपणी बँकेची कामं सोपी व्हावीत म्हणून अर्ध्या बोईसरने मुलांची नावं अशी टाकलेली असतील. हेतू नसताना राहून गेलं तरी दंड १० हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. तो प्रत्येक खात्यामागे नव्हे, प्रत्येक विवरणामागे धरायचा, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये बिटनर खटल्यात ठरवलं, एवढाच दिलासा.

काका गेल्यानंतर काकूंना फॅमिली पेन्शन सुरू होते, तेव्हा हिशोब पुन्हा बदलतो. ती पगार म्हणून धरली जात नाही, 'इतर उत्पन्न' धरली जाते. ७५ हजारांची वजावट जाते. तिच्या जागी नव्या रचनेत रकमेचा एक तृतीयांश किंवा २५ हजार, यातलं जे कमी असेल ते. दुखवट्यात हे कुणाला आठवणार? पण त्या वर्षीचं रिटर्न भरणाऱ्या मुलीला आठवायला हवं.

उलट दिशेने येणारे

तिकडे नोकरी करून निवृत्तीला पालघर-वसईकडे परतलेल्यांचं कोडं वेगळं आहे. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीवर करारानुसार फक्त अमेरिकेचा हक्क आहे, भारत तिच्यावर टॅक्स लावत नाही. मात्र परतलेला माणूस अमेरिकेचा नागरिक नसेल तर अमेरिका ८५ टक्के रकमेवर ३० टक्के, म्हणजे एकूण २५.५ टक्के कापूनच पैसे पाठवते. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्यांना मिळते, पण तिथे दरवर्षी होणारी वाढ इथल्यांना मिळत नाही. आकडा गोठतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवर भारतात टॅक्स कधी लावायचा, ते पैसे काढतानाशी जुळवून घ्यायची सोय १९६१ च्या कायद्यात कलम ८९-ए खाली दिली गेली, पण ती फॉर्म भरून निवडावी लागते.

इकडून निघणाऱ्यांसाठी मात्र पहिल्या वर्षीचा हिशोब साधा आहे. १ एप्रिलपासून १५ मेपर्यंत होतात ४५ दिवस. ५ जूनपर्यंत होतात ६६. कायमचं निघणाऱ्या काकांनी १५ मेचं तिकीट काढलं आणि मार्चपर्यंत परत आले नाहीत, तर अख्खं आर्थिक वर्ष अनिवासी आणि २३,४०० रुपये टॅक्स. ५ जूनचं काढलं तर तेच वर्ष निवासी, टॅक्स शून्य आणि हापूसचा हंगामही बोईसरलाच.